पांढरीचा हुंकार

२०२३ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर तरी तसं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्याच पोरांना एक जून लावला, त्यामुळं आमच्या वर्गातली झाडून सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली. शाळा मी तिसरीत सोडली, पण ती तारीख काही मला सोडत नाही. तर त्या साली, दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तेव्हा माझ्या पोरानं टेम्पोतून तीन जनावरं आणली आणि आमच्या रानात उतरवली.

मान उंटाची, अंग मेंढराचं, तोंड सशाचं आणि डोक्यावर केसांचा असा झुबका, की कॉलेजातल्या पोरांनी न्हाव्याला फोटो दाखवून तसाच ठेवायला सांगावा. एक पांढरी, एक तपकिरी आणि एक काळा. पोरगं म्हणालं, "आबा, यांना अल्पाका म्हणत्यात." आम्ही सातबाऱ्यावर अल्पभूधारक. अल्पभूधारकाच्या रानात अल्पाका म्हटल्यावर निम्म्या गावाला वाटलं, ही सरकारची योजनाच आहे. दोघं-तिघं तर फॉर्म कुठं मिळतो म्हणून विचारायला आले.

आमचं रान कन्नडहून घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पोरगं संभाजीनगरला राहतं, वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या डोक्यात असं, की थंडीत शहरातली माणसं गाडी काढून हुरडा खायला निघतातच. त्यांनी आपल्या रानात यावं, आगटीवरचा हुरडा खावा आणि या जनावरांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढावा. जनावरांनी काय करावं, तर हात टाकू द्यावा.

गाव बघायला लोटलं.

"दूध किती देतंय?"

"देत नाय."

"औताला चालतंय का?"

"नाय."

"मग खात्यात का याला?"

"आरं नाय बाबा."

"मग करतंय काय?"

"उभं राहतंय. फोटोला."

"व्हय व्हय," एक म्हातारा मान डोलवून म्हणाला, "माझा जावई बी असाच हाय."

खरं सांगायचं तर जनावरं गुणाची होती. तिघंही लेंड्या टाकायची ती एका ठरलेल्या कोपऱ्यातच. गावाला जे भिंतीभिंतीवर रंगवून शिकवावं लागलं आणि तरीही जमलं नाही, ते या परदेशी पाहुण्यांना कुणी न सांगता येत होतं. एक खोड मात्र होती. राग आला की थुंकायची, हिरवंगार आणि नेम धरून. पण त्यामुळं ती काही परकी वाटली नाहीत. उलट त्या एका गुणावरच ती गावात लवकर रुळली.

पैज लागली ती जनावरं उतरवली त्याच संध्याकाळी. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं पोराचा एकच धोशा चालला होता, की रान सोडा आणि आमच्या फ्लॅटवर राहायला या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी एकदा राहून आलो होतो. तिथं खिडकीतून बघितलं की दुसऱ्याची खिडकी दिसते आणि तिच्यातून तो आपल्याकडं बघत असतो. तर पोरगं म्हणालं, "आबा, हिवाळ्यात यांची निगा तुम्हाला एकट्याला जमायची नाय. रानात गडी ठेवू. तुम्ही चला आमच्यासंगं."

"मला जमायचं नाय?" मी म्हणालो. "माझी हयात जनावरांत गेली. थंडीनं यातलं एक जरी दगावलं ना, तर दुसऱ्या दिवशी पिशवी भरतो आन् तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसतो. मरस्तोवर. पण तिन्ही जगली, तर फ्लॅटचं नाव माझ्यापुढं काढायचं नाय."

सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, ही जनावरं थंड मुलखातलीच हायेत. तिकडं डोंगरावर बर्फ पडतो म्हणं. त्यांना थंडीचं काय नाय."

"तिकडची थंडी त्यांच्या ओळखीची असंल," मी म्हणालो. "आपली थंडी त्यांना कुठं माहीत हाय?"

यावर ती चहाचे कप उचलायला लागली. मला वाटलं, पटलं.

आता मी मुद्द्यावर येतो. आमच्याकडं गोष्ट सांगायची एक रीत आहे. सांगणारा सांगतो आणि ऐकणाऱ्यातला एक जण दर वाक्याला 'हूं' म्हणतो. याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला की गोष्ट पुढं सरकते, थांबला की थांबते. माझ्या बायकोसारखा हुंकार पंचक्रोशीत कुणी देत नव्हतं. डोळा लागला तरी तिचा हुंकार चालूच. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "मग मी विहिरीत पडलो आन् मेलो." ती म्हणाली, "हूं." असा भरवशाचा हुंकार. ती गेली आणि माझ्या गोष्टी जागच्या जागी थांबल्या. पोरगं ऐकतं, पण मोबाइलकडं बघत 'हां हां' करतं. हां म्हणजे हूं नव्हे. हां म्हणजे आवरा आता.

तर जनावरं येऊन थोडे दिवस झाले होते. मी गव्हाणीत घास टाकत होतो आणि सवयीनं तोंडानं काहीतरी चाललं होतं. बहुतेक आमच्या विहिरीची गोष्ट. पाणी हुडकणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ धरला, रानभर फिरला, बांधाकडच्या एका जागी नारळ उभा राहिला. तो म्हणाला, इथं खोदा. मी म्हणालो, नाय, मी आंब्याजवळ खोदणार. एवढं म्हणून मी दम घेतला, तर मागून आवाज आला, "हूंऽऽ."

मी वळून बघितलं. पांढरी. मान उंच केलेली, कान पुढं, डोळे माझ्यावर.

"मग मी पहार घेतली," मी म्हणालो.

"हूंऽऽ."

त्या दिवशी घास टाकायला रोजच्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला. मी घरात आलो तेव्हा चहा करून घ्यायचं पण विसरलो होतो. तपकिरी आणि काळा कधी तरी हूं करायचे, पण मन लावून नाही. पांढरीचं तसं नव्हतं. नवं माणूस दिसलं, टेम्पोचा आवाज आला, तपकिरी नजरेआड झाली की तिचं सुरू. मी गोठ्यात शिरलो की सुरूच. मला वाटलं, हिला कान आहे.

मग थंडी पडली. घाटाकडून वारं सुटलं, सकाळी ज्वारीच्या पानांवर दहिवर आणि माणसांच्या तोंडातून वाफ. मी बंदोबस्ताला लागलो. गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, फटींत बारदानं कोंबली, दारात कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेकोटी धुमसत ठेवली. आणि ट्रंकेतून पोळ्याच्या झुली काढल्या. बैलं विकून वर्षं झाली, पण झुली मी विकल्या नव्हत्या. बायकोनं आरसे लावलेल्या, आत घोंगडीचं अस्तर. बैलाची झूल यांना लांब होत होती, म्हणून माझ्या दोस्ताला बोलावलं.

दोस्ताचं कन्नडच्या बाजारात गाद्या-रजयांचं दुकान आहे. बाप पिंजारी, हा पण पिंजारी. आता कापूस मशीन पिंजतं आणि हा मशीनला शिव्या देतो. शाळेत माझ्याच वर्गात होता. त्यानं दुसरीत शाळा सोडली आणि मी तिसरीत, म्हणून तो मला आजतागायत 'पढेलिखे' म्हणतो. काळीपिवळीतून सुई-दोरा घेऊन उतरला, पांढरीच्या लोकरीत मनगटापर्यंत हात खुपसला आणि हसायलाच लागला.

"पढेलिखे, इसको गादी की क्या जरूरत? ये तो घर से गादी पहन के आई है."

"तू टाके घाल."

"अरे भाई, माणूस रजईवर रजई घेतो का?"

"थंडी पडली की घेतो."

"घेतो," तो म्हणाला, "पण त्याला काढता येती."

तरी त्यानं टाके घातले. दोस्ती म्हणजे तीच. चुकीच्या कामाला पण टाका बारीक घालायचा.

तपकिरीनं आणि काळ्यानं झूल अंगावर टिकू दिली नाही. कुंपणाच्या खांबाला अंग घासून घासून आरसे फोडले, झुली फाडल्या आणि दार ढकलून रानात गार वाऱ्यात जाऊन बसले. मी त्यांना कृतघ्न म्हणालो. पांढरी मात्र समजूतदार. झूल घालून, शेकोटीपाशी, ताडपत्रीच्या आत उभी राहिली. आणि हुंकार? काय सांगू! आधी वाक्याला एक द्यायची, आता वाक्य पुरं व्हायची वाट बघेना. मी तोंड उघडायच्या आधीच हूं. मी गप्प बसलो तरी हूं. विहिरीची गोष्ट झाली, माझ्या लग्नात वऱ्हाडाचा टेम्पो घाटात बंद पडला ती झाली, मग पुन्हा विहिरीची. गव्हाणीतला चारा तसाच राहायला लागला. मला वाटलं, ऐकण्यात गुंग झाली की खायचं भान राहत नाही. मलाही राहत नव्हतं.

असं चाललं असताना एका रविवारी दिवस कलताना पोरगं आणि सूनबाई आले. येताना दोस्तालाही कन्नडहून गाडीत घेऊन आले. मी तिघांना गोठ्यापाशी नेलं. म्हणालो, "बघा आता." आणि विहिरीची गोष्ट सुरू केली. पांढरी खाली बसली होती, मान जमिनीवर लांब टाकलेली. पण हुंकार चालू होता, बारीक, एकसारखा.

सूनबाईनं ऐकलं, मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि माझ्या कानापाशी धरला. मोबाइलमधनं अगदी पांढरीसारखाच आवाज आला. हूंऽऽ हूंऽऽ.

"हिचाच आवाज कुणी तरी घेतलेला दिसतोय," मी म्हणालो.

"नाय मामा. दुसरंच जनावर हाय, तिकडलं." ती माझ्याकडं बघत नव्हती, पांढरीकडं बघत होती. "यांना तरास झाला, भ्या वाटलं, लई उकडलं की ही असा आवाज काढत्यात. मामा, हा हुंकार नाय. कण्हतीया ती."

"मला माझ्या जनावराची भाषा तू शिकवणार?"

"आबा, ऐका ना तिचं," पोरगं म्हणालं.

"मी कशाला ऐकू? ती माझं ऐकतीया."

तोवर दोस्त गुडघे टेकून बसला होता. त्यानं झुलीखाली हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. "भट्टी है रे, भट्टी." मग मी हात घातला. तव्यावरून काढलेली भाकरी हातात घ्यावी तसं लागलं. पोटाशी लोकर ओली. तिची कूस भराभरा वरखाली होत होती. नाकपुड्या फुगलेल्या, आणि ते हूं दर श्वासाला येत होतं, माझ्या वाक्याला नाही.

पोरानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असलं जनावर मी पण मोबाइलवरच बघितलंय. पण जनावर तापलंय ना, मग अंगावरचं काढा, वारं लागू द्या, पोटावर आणि पायांवर पाणी मारा, प्यायला पाणी ठेवा. पोरगं फोन ठेवून उभं राहिलं. मला पैज आठवली. तिसरा मजला माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्याही आधी तिची ती जमिनीवर टाकलेली मान दिसत होती.

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. टाके मीच घालायला लावले होते, तर उसवायचे मीच. मी कोयता घेतला आणि म्हणालो, "आज थंडी कमी झाली. म्हणून झूल काढतो."

त्या हिवाळ्यातली ती सगळ्यात बोचरी संध्याकाळ होती. सूनबाईनं पदर कानांवरून घेतला होता. पोराच्या तोंडातून वाफ निघत होती. मी टाके उसवले, झूल काढली, ताडपत्री सोडली, शेकोटीवर बादली ओतली. दोस्तानं आणि पोरानं तिला उचलून बाहेर वाऱ्याला आणलं. मी तिच्या पोटावर, मांड्यांवर पाणी मारत बसलो. आणि थंडी कमी झाली असं एकदा म्हटल्यावर मी तरी स्वेटर कसा ठेवणार? तोही काढला. पालथ्या घमेल्यावर नुसत्या बंडीवर बसलो.

सूनबाईनं शाल आणली.

"नको. उकडतंय."

"आबा, तुमचं दात वाजत्यात," पोरगं म्हणालं.

"पान चघळतोय."

दोस्तानं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "पढेलिखे, पान किधर है?"

मी ओठ घट्ट मिटले, कारण तोंड उघडलं असतं तर दात आणखीच वाजले असते.

दिवस बुडाला तशी तिची धाप कमी झाली. हूं लांब लांब पडायला लागलं. मग थांबलं. माणसाच्या बाबतीत हुंकार थांबला की काय समजायचं ते मला माहीत होतं. पण तिनं मान उचलली. बादलीत तोंड घातलं. प्यायली. मग पुढचे पाय रोवून उठली, अंग झाडलं आणि मला वळसा घालून तपकिरी आणि काळ्यापाशी गेली. तिथं कडब्याचं पान ओढून चावायला लागली.

मी म्हणालो, "मग मी पहार घेतली..."

काही नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचं बरं चाललं होतं. म्हणजे इतके दिवस मी गोष्ट सांगत होतो आणि ती 'सोड मला' म्हणत होती. बरं झालं कळलं, असं म्हणायची रीत आहे. मी म्हणालो नाही.

घरात सूनबाईनं मला चुलीपाशी बसवलं. एव्हाना मला शिंकांवर शिंका सुटल्या होत्या आणि अंग तापलं होतं. पोरगं दाराला टेकून म्हणालं, "तिन्ही जनावरं ठणठणीत. चौथं पडलं थंडीनं. चौथ्याचं पैजेत काय ठरलं व्हतं, आबा?"

"पैज जनावरांची होती."

"तेच म्हणतोय मी."

दोस्त एवढा हसला, की त्याला ठसका लागला. मीच त्याला पाणी दिलं.

हिवाळ्यातली सगळ्यात बोचरी संध्याकाळ निभावली, म्हणजे पैज मी जिंकली होती. हे मी ठासून सांगतो, कारण पुढं लोकांनी वेगळं सांगितलं. तिन्ही जनावरं जिवंत, उभी, खात होती. फ्लॅटचं नाव काढायची आता पोराला बंदी. तो काढतही नव्हता. सूनबाई भाकरी थापत होती. मी काढा घेत होतो आणि घशात ऊब उतरली तशी जीभ आपसूक सुटली. "पाणाड्या म्हणाला, बांधाकडं खोदा. मी म्हणालो, नाय, आंब्याजवळ खोदणार."

"हूं," सूनबाई म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिचं लक्ष भाकरीकडं. हात थांबला नव्हता.

"मग मी पहार घेतली. पुरुषभर खोदलं."

"हूं."

"आन् खाली खडक लागला."

माझी गोष्ट नेहमी इथं संपते. खडक लागल्यावर काय झालं, हे मी बायकोला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. पांढरीलासुद्धा नाही. तिथं मी वऱ्हाडाच्या टेम्पोवर उडी मारतो आणि आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. सूनबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "मग, मामा? खडक लागल्यावर?"

"आता झोपा," पोरगं म्हणालं, "सकाळी माझी ड्युटी हाय, लवकर निघायचंय."

चार वर्षांत मला कुणी 'मग' म्हणून विचारलं नव्हतं. आणि विचारलं, तर विचारणारी सकाळी निघणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. झूल वळणीवरून काढली आणि घडी घालून काखेत मारली. पिशवीत दोन धोतरं, बंडी आणि काढ्याची पुडी टाकली. दोस्त रात्री आमच्याकडंच मुक्कामाला होता. त्याला गोठ्याची किल्ली दिली आणि सांगितलं, की यांना काही म्हणजे काही पांघरू नको, आणि यांच्यापुढं फार बोलू पण नको. पोरानं गाडी सुरू केली होती. मी दार उघडून पुढं बसलो.

"आबा?" पोरगं म्हणालं. "पैज तर तुम्ही जिंकली."

"जिंकली म्हणूनच येतोय. हरलो असतो तर तू नेलं असं झालं असतं. चार दिवस राहीन, गोष्ट पुरी करीन आन् परत येईन."

सूनबाई मागच्या सीटवर बसली होती. गाडी रस्त्याला लागायच्या आत ती म्हणाली, "हूं. खडक लागला. मग?"

कुंपणापाशी तिघंही उभी होती. पांढरी मधे. मान उंच करून आमच्याकडं बघत होती. एकानंही आवाज काढला नाही. घाटाकडून वारं येत होतं. मी बायकोची झूल गुडघ्यांवरून नीट ओढून घेतली.

"काच वर कर," मी पोराला म्हणालो, "थंडी हाय."